अठ्ठावीस चाकं

मराठी मजकुरातली अक्षरं मोजणारी एक चिमुकली लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड, मी लिहिली. ‘क्षत्रिय’ आपल्या लेखी तीन अक्षरं, संगणकाच्या लेखी आठ खुणा. असल्या भानगडी निस्तरणारी. आतला कोड सी भाषेत, वरून पायथनचा अंगरखा. पायथनच्या पॅकेजांचं सार्वजनिक कोठार म्हणजे पायपीआय, आणि तिथून ती उचलून आणणारा हमाल म्हणजे पिप. मित्र म्हणाला, “पायपीआयवर टाक की, कुणीही पिप इन्स्टॉल करील.” हा मित्र लग्नाच्या बाबतीतही असाच बोलला होता.

सी म्हटलं की कंपाइल करणं, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत शिजवणं आलं, आणि वापरणाऱ्याकडे कंपायलर असेलच असं नाही. म्हणून आपणच शिजवून डबा भरून द्यायचा. पायथनवाले या डब्याला व्हील, म्हणजे चाक म्हणतात. मला वाटलं, एक चाक. पण प्रत्येक सिस्टिमला, प्रत्येक प्रोसेसरला, पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळं चाक लागतं.

इंटेलचा प्रोसेसर असला तरी विंडोजच्या चाकावर नाव एएमडी६४. लिनक्सवर तोच एक्स८६_६४. मॅकचा एआरएम६४ लिनक्सच्या घरी एआर्च६४ होतो. घरी बंड्या, शाळेत अनंत, तसलाच प्रकार. पण बंड्याला अनंत म्हटलं तरी तो ओ देतो. पिप देत नाही.

लिनक्सचं तर विचारूच नका. माझ्या उबुंटूवर (हा लिनक्सचाच एक अवतार) बांधलेलं चाक दारातूनच परत आलं. नुसतं ‘लिनक्स’ चालत नाही, ‘मेनीलिनक्स’ लागतं, बहुतेक लिनक्सांवर चालेल असं. म्हणजे कोऱ्या लॅपटॉपवर सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा संसार मांडायचा आणि २०१२ सालच्या जीलिबसी २.१७ ला (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) धरून बांधायचं, जुन्या सर्व्हरांनी नाक मुरडू नये म्हणून. अल्पाइन नावाच्या लिनक्सवाल्यांची चूलच वेगळी, त्यांच्याकडे जीलिबसीऐवजी मसल. त्यांचं चाक निराळं.

लिनक्सची चार, मॅकची दोन, विंडोजचं एक. गुणिले पायथनच्या चार आवृत्त्या.

रात्री साडेअकराला आई पाणी प्यायला उठली. “अजून चाकंच?”

“अठ्ठावीस आहेत.”

“आगगाडी करतोयस का?”

पाऊण वाजता १.०.० म्हणून सगळी चढवली. मग दिसलं, आत आवृत्ती विचारली की उत्तर येतंय ‘०.९ चाचणी’. पुसली, दुरुस्त केली, पुन्हा चढवायला गेलो, तर हे फाइलनाव आधी वापरलेलं आहे म्हणे! तिथं पुसलेलं नावही पुन्हा मिळत नाही. नियम रास्तच आहे. कालचं १.०.० आणि आजचं १.०.० वेगळं निघालं तर लोकांनी भरवसा कशावर ठेवायचा? पण रात्री दीड वाजता रास्त नियमाइतका राग कशाचाच येत नाही. १.०.१ झालं.

सकाळी पहिला निरोप: “माझा विंडोज लॅपटॉप एआरएमवाला आहे. पिप म्हणतं, काही सापडत नाही.”

“आता किती?” आईनं चहा ठेवत विचारलं.

“बत्तीस.”

“गार्डाचा डबा धरून?”

मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. जिथं एकही चाक बसत नाही, तिथं पिप सोर्सचं, म्हणजे न शिजवलेल्या मूळ कोडचं गाठोडं उचलून स्वतः शिजवायला बघतं. ते गाठोडं मी चढवलंच नव्हतं.