"तुम्ही लोक" म्हणणाऱ्यांसाठी

आज ऑफिसात डबा खाताना एकजण सहज बोलून गेला, समुद्र तापतोय वगैरे सगळं फॅड आहे, किनाऱ्यावरची माणसं घाणीत राहतात म्हणून त्यांना जुलाब होतात. डोकंच फिरलं माझं. माझी आत्या कोळीवाड्यात राहते, पहाटे उठून दार झाडणारी बाई, तिची मोरी माझ्या फ्लॅटच्या किचनपेक्षा स्वच्छ असते. गेल्या मेमध्ये तिच्या नातवाला उलट्या-जुलाब लागले, संध्याकाळपर्यंत पोराचे डोळे आत गेले, रिक्षातून दवाखान्यात नेलं तर सलाईन लावायच्या आधी प्रश्न काय, तर हात धुता का तुम्ही लोक?

तुम्ही लोक!

अरे, कॉलऱ्याचे जंतू समुद्रात आणि खाडीच्या मचूळ पाण्यात मुळातच राहतात, कोपेपॉड म्हणून बारीक जीव असतात त्यांच्या अंगाला चिकटून. पाणी कोमट झालं की भराभर वाढतात. रिटा कोलवेल म्हणून अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत, त्या बाईंनी अख्खी हयात यात घातली, त्यांच्या टीमने बंगालच्या उपसागराचं तापमान उपग्रहावरून घेऊन बांगलादेशातल्या कॉलऱ्याशी ताडून पाहिलं, तर दोन्ही जोडीने वर-खाली होताना दिसले. आणि आपला अरबी समुद्रही तापतोच आहे.

आता नातवाला कॉलराच होता असं मी म्हणत नाही, तपासलं कुणी? आणि बऱ्याचदा गटाराचं पाणी नळात शिरल्यानेच होतं, बरं बाबा, मान्य. पण पाइप गटारातून नेला कोणी, आत्याने?

आत्या अजून हंड्यावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी टाकून पाणी गाळते, सुनेला लाज वाटते त्याची. त्याच कोलवेल बाईंनी बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या खेड्यांमध्ये नेमकं हेच करून बघितलं, २००३ साली छापून आलं, जुन्या साडीच्या घडीतून गाळलेल्या पाण्याने कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कोपेपॉड कापडात अडकतात, सोबत जंतूही. साडी जुनीच लागते, धुऊन धुऊन सूत फुगतं आणि विणीची भोकं बारीक होतात. उकळलेलं पाणी त्याहून चांगलं, हो, माहितीये, सिलेंडरचा भावही माहितीये.

पोरगं आता ठणठणीत आहे, परवा व्हिडिओ कॉलवर सुरमईचा तुकडा दाखवून मला चिडवत होतं. नळाला मात्र सकाळी पहिली दोन बादल्या पाणी अजून पिवळंच येतं, अर्ज देऊन झाले, फोटो देऊन झाले. तुमच्यापैकी कुणाची पाणीपुरवठ्यात ओळख असेल तर प्लीज इनबॉक्स करा. "फिल्टर घ्या ना" म्हणणाऱ्यांनी करू नका.