‘ब्लरमुळे फिगर आणखी खेळणं दिसते’ – तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि लगेच उत्तर न देता तुम्ही म्हणता ते आधी करून बघितलं, म्हणून चार दिवस गेले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की फिगरचे, म्हणजे पात्रांच्या छोट्या पुतळ्यांचे, फोटो काढताना मी जुन्या पोस्टमध्ये बॅकग्राउंड जमेल तेवढं ब्लर, म्हणजे धूसर, करा म्हणून सांगतो आणि त्यानेच फिगर आणखी खेळण्यासारखी दिसते, दुसरं म्हणजे मोबाईल पुरतो म्हणतो आणि स्वतः डीएसएलआर कॅमेरा वापरतो, आणि तिसरं, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे हे काही कलेक्टिबल, म्हणजे संग्रहात जपायच्या वस्तू, नाहीत, त्यांना सहा इंची फिगर्सच्या पंगतीत बसवू नये.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य, माझं चुकलंच. ठाण्याच्या तलावपाळीवर मित्राला उभं करून डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढा, मागच्या होड्या आणि बिल्डिंगी थोड्या मऊ होतात पण ओळखू येतात, आपल्या डोळ्याला तीच सवय आहे. फिगरच्या मागे सगळं दुधासारखं झालं की बघणाऱ्याला लगेच कळतं की कॅमेरा एखाद्या बारक्या वस्तूला जवळजवळ चिकटलाय. माझी ५० एमएमची लेन्स ४५ सेंटीमीटरवरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं, ठेवली तर जेमतेम साडेतीन-चार मिलीमीटर जाडीचाच भाग शार्प येतो, आणि फिगरच्या नाकापासून कानापर्यंतच सेंटीमीटरभर अंतर असतं, मग कान जाणारच. तुम्ही सांगितलं म्हणून तीच फिगर एफ ८ आणि एफ ११ वर, म्हणजे भोक बारीक करून, काढली. ८ ला साधारण दीड सेंटीमीटर मिळतं, ११ ला दोन. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची सेटिंग) १०० ठेवून शटर खूप वेळ उघडं राहिलं पण ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर लावला की काही हलत नाही. फरक एवढा आहे की जुन्या पोस्टमधला तो परिच्छेद आज बदलतोय.

मोबाईलचं मात्र मी मागे घेणार नाही. मोबाईलचा सेन्सर छोटा असल्यामुळे जास्त भाग आपोआप शार्प येतो, म्हणजे तुम्हाला जे हवंय तेच. गडबड होते ती लोक फोन फिगरच्या तोंडाशी नेतात तेव्हा, बरेच फोन तिथे गुपचूप वाइड लेन्सवर जातात आणि नाक मोठं, पाय काडीसारखे होतात. हातभर मागे या, २एक्स झूम करा आणि फोन उलटा धरा, लेन्स खाली जमिनीला टेकेल अशी. उभ्या माणसाच्या नजरेने सहा इंचांच्या फिगरकडे बघितलं तर ते खेळणंच दिसणार हो, मग कॅमेरा लाखाचा का असेना.

आता मावळे. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. जांभळी नाक्यावरून दिवाळीच्या आधी आणलेला तीन इंची मातीचा मावळा हातात घेऊन उजेडात बघा. माझ्याकडे एक आहे, त्याच्या पाठीवर साच्यातून काढताना दाबलेल्या अंगठ्याच्या रेषा रंगाखालून दिसतात, आणि एका डोळ्याचा काळा ठिपका जरा वर गेलाय त्यामुळे तो सतत बुरुजाकडे बघतोय असं वाटतं. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या फिगरमध्ये हे मिळत नाही. आणि फोटोग्राफीच्या दृष्टीने बघाल तर सोसायटीतला किल्ला हा तयार सेट आहे, फक्त प्रमाण सांभाळावं लागतं. ढेकळं दिसली की खेळ खलास, म्हणून पुढची वीतभर माती मी मैद्याच्या चाळणीने चाळून पसरतो. अळीव पेरलेलं असतं ते इंचभर असतानाच फोटो काढायचा, तेव्हा ते मावळ्याच्या गुडघ्याच्या जरा वर येतं आणि रानातल्या झुडपासारखं दिसतं, आठवडाभराने तेच त्याच्या डोक्यावरून जातं. उदबत्तीचा धूर चालतो, छान धुकं वाटतं. पाण्याचे थेंब मात्र नकोत. १:१२ च्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याच्या, फिगरवर ३ मिलीमीटरचा थेंब म्हणजे खऱ्या माणसावर ३६ मिलीमीटरचा, लिंबाएवढा! पावसाळ्यात येऊरला काढलेले माझे सगळे फोटो यानेच गेले, तेव्हा कारण कळलं नव्हतं.

उजेडाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत पण तेही इथेच सांगतो कारण मला ते लेन्सपेक्षा महत्त्वाचं वाटतं. घरात काढत असाल तर ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर खिडकीचा एक रंग आणि ट्यूबचा दुसरा असा चेहरा दोन रंगांचा होतो. खिडकीला ग्रिल असेल तर बटर पेपर लावा, ग्रिलच्या सावल्या जातात, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. धूळ मेकअपच्या ब्रशने झटका, फोटोत ती दगडाएवढी दिसते.

यंदाही वसुबारसेच्या आधी आमचा नौपाड्याचा किल्ला उभा होईल. सकाळी साडेसातला कंपाउंडमध्ये ऊन तिरकं येतं, बुरुजाची सावली पार दरवाजापर्यंत जाते, अर्धा-पाऊण तासच टिकते. तुमची सहा इंची फिगर घेऊन या, मावळ्याशेजारी उभी करून दोन्ही काढू, ट्रायपॉड तेवढा तुमचा आणा, माझा एकच आहे.