मुरगळलेला पाय चोळू नका: ‘नाचणाऱ्यांसाठी पाच घरगुती उपाय’ या मेसेजला उत्तर

माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीचा डावा पाय सध्या प्लास्टरमध्ये आहे. कथकच्या रियाजात चक्कर घेताना पाऊल आत वळलं आणि ती पडली. त्याच रात्री तिच्या आत्याने घरच्या ग्रुपवर ‘नाचणाऱ्यांसाठी पाच घरगुती उपाय’ हा मेसेज टाकला. त्यात लिहिल्याप्रमाणे मालिशवाल्याला बोलावलं. त्याने राईचं तेल गरम करून अर्धा तास तिचं पाऊल दाबलं, ओढलं, अंगठ्याने रगडलं. पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. तिसऱ्या दिवशी मी नागपुरात मानेवाड्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा करंगळीपासून घोट्यापर्यंत पाय जांभळा झाला होता. एक्स-रेत करंगळीच्या मागचं लांबट हाड मुळाशी मोडलेलं दिसलं.

आत्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण हाच मेसेज मला आणखी तिघींकडून आलाय, आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानावर पाय मुरगळणारच आहेत.

मेसेजचा पहिला उपाय सगळ्यात घातक आहे: ‘पाय मुरगळला की नस नसेवर चढते. लगेच गरम तेलाने जोर लावून चोळा, एक्स-रेची गरज नाही.’ नस नसेवर चढत नाही हो! पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, ताणतात किंवा फाटतात. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आत रक्त साचतं, सूज येते. अशा जागी शेक दिला की रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, आणि चोळलं की फाटलेलं आणखी फाटतं. पहिले दोन-तीन दिवस गरम काही नको, मालिश तर नकोच. पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा.

एक गोष्ट मान्य करते. प्रत्येक मुरगळीला एक्स-रे लागत नाही, हे खरंच आहे. पण ते मालिशवाल्याने ठरवायचं नसतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्यासाठी नियम मांडले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००३ मध्ये पंधरा हजारांहून जास्त रुग्णांवरचे अभ्यास एकत्र तपासून छापले, तेव्हा या नियमांच्या नजरेतून फ्रॅक्चर क्वचितच सुटतं असं दिसलं. नियम घरच्या माणसालाही कळतील असे आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची टोकं आणि मागच्या कडा दाबून बघा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाडाचा एक टेंगूळ लागतो, तो दाबा. आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबा. यातल्या एका जरी हाडावर दुखलं, किंवा लागल्याबरोबर आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. भाचीला दोन पावलंही टाकता येत नव्हती. त्या टेंगळावर बोट ठेवलं तरी ती ओरडत होती, आणि मालिशवाला म्हणत होता, ‘इथेच नस आहे.’ तो टेंगूळ म्हणजे करंगळीमागच्या त्याच लांबट हाडाचं मूळ. नाचणाऱ्यांत हे हाड मोडणं इतकं नेहमीचं आहे की त्याच्या एका प्रकाराला डॉक्टर ‘डान्सर्स फ्रॅक्चर’ असंच म्हणतात.

दुसरा उपाय: ‘गरम पाण्याच्या कुंडात तीन दिवस बसा, गंधक हाडात मुरून तडा भरतो.’ कुंडातलं गंधक कातडीतून हाडापर्यंत जाऊन तडा भरत नाही. हाड स्वतःच नवं हाड तयार करून जुळतं, त्याला काही आठवडे स्थिर ठेवावं लागतं. उनकेश्वरला किंवा वज्रेश्वरीला जरूर जा, कुंडात पाय सोडून बसल्यावर थकलेल्या पिंढऱ्यांना सुख वाटतं ते खरं आहे. पण ताजी सूज घेऊन जाऊ नका, आणि मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात तासभर नाचून आल्यावर लगेच गरम पाण्यात तर बसूच नका. रक्तदाब उतरून चक्कर येते.

तिसरा: ‘केरळचे कथकली कलाकार असंच करतात.’ अर्धवट ऐकलेली गोष्ट. तिथे पावसाळ्यात विद्यार्थ्यांच्या अंगाला तेल लावून गुरू दोरीला धरून पायाने मालिश करतात. ती धडधाकट शरीर लवचिक करण्यासाठी असते आणि तालमीचाच भाग असते. मोडलेल्या पायावर कुणी उभं राहत नाही.

चौथा, मालिशने लॅक्टिक अॅसिड निघून जातं म्हणे. ते नाच थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआपच ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या ठणकतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि तो ठणका हलक्या हाताच्या मालिशने थोडा कमी होतो. मी स्वतः कार्यक्रमानंतर तिळाचं तेल लावते. ‘नाचताना पाणी पिऊ नये, सांधे आखडतात’ हा पाचवा तर निव्वळ खोटा आहे. प्या.

भाचीचं प्लास्टर सहा आठवडे आहे. परवा गेले तेव्हा ती पाय स्टुलावर ठेवून, मांडीवर ताल धरून तोडे म्हणत होती, आणि आत्या बाजूला बसून मात्रा मोजत होती.