घरातला क्रूस काढण्याची गरज नाही

गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत एक संदेश फिरतो आहे: क्रूस, संतांच्या प्रतिमा, जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष, हे सगळे मूर्तिपूजाच, घर रिकामे केले की पहिली आज्ञा (एका देवाशिवाय दुसरा देव मानू नको) पाळली गेली.

ही कॅथलिक शिकवण नाही. इ.स. ७८७ मध्ये चर्चच्या निकिया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला द्यायचा मान आणि केवळ देवाची आराधना यांत स्पष्ट भेद केला. संताला आपण देव मानत नाही, आपल्यासाठी प्रार्थना कर म्हणतो.

मला जास्त काळजी वाटते ती संदेशाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची: घर रिकामे केले की मूर्तिपूजा संपली. बायबलमधील कलस्सैकरांस पत्रात (३:५) प्रेषित पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. तो भिंतीवर टांगलेला नसतो! लग्नाचा हॉल शेजाऱ्यापेक्षा मोठा हवा म्हणून वडिलोपार्जित भाट (नारळाची बाग) विकला जातो. हद्दीच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात असतात, आणि रविवारी एकाच मिस्साला येतात. कशापायी आपण माणूस तोडायला तयार होतो, ते तपासावे. तिथेच ती मूर्ती सापडते. तिला नकार देण्याची सुरुवात साधी आहे: गाजावाजा न करता दान, तेर्साच्या (घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळी मोबाईल दूर, दाव्यात तडजोड.

संदेश पुढे पाठवू नका. शंका असल्यास आपल्या पाद्रींना विचारा.