"आमच्या घरात अँटिबायोटिक येतच नाही" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. औषधांना दाद न देणाऱ्या आतड्यातल्या जिवाणूंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच वर्षांत तुमच्या घरात अँटिबायोटिकची एक गोळी आलेली नाही, तेव्हा ज्यांनी खाल्ल्या त्यांनी भोगावं, औषध निकामी करणाऱ्या जिवाणूंच्या एका एन्झाइमला 'न्यू डेल्ही' हे नाव देऊन गोऱ्यांनी आपली बदनामी केली आणि मी त्यांचीच री ओढतोय, आणि शेवटी, "मग आता चिकनही बंद करू का?"

गोळी उठसूट घेत नाही हे उत्तमच. पण हे जिवाणू गोळीतून येत नाहीत. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात जातात, पाण्यातून, हातातून, न शिजवलेल्या भाजीतून. गोळी त्यांना आतड्यात जागा मोकळी करून देते, एवढंच. नेदरलँड्समध्ये सुमारे 2000 प्रवाशांची शौचतपासणी जाण्याआधी आणि परतल्यावर झाली. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. शोधत होते ते ईएसबीएल जिवाणू, म्हणजे सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी औषधं मोडून टाकणारं एन्झाइम बनवणारे. जाताना ज्यांच्या पोटात ते नव्हते, त्यांच्यातले 34 टक्के प्रवासी ते घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हाच आकडा 75 टक्के. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना धोका जास्त होता हे खरं, पण चारातले तिघं काही गोळ्या खात हिंडत नव्हते. जेवले, पाणी प्यायले, झालं. त्यातल्या निम्म्यांच्या पोटातून हे जिवाणू महिन्याभरात गेलेही. ते घरी परतले म्हणून सुटले. आपण परतायचं कुठं?

पोटात आहेत म्हणजे आजार आहे असं नाही, हे मूळ लेखातही होतं. तिथं ते वर्षभर गप्प राहतील. त्रास होतो तो ते लघवीच्या मार्गात किंवा रक्तात शिरल्यावर. आमच्या लॅबमध्ये हे रोजचं आहे. लघवीच्या कल्चरची प्लेट उघडली की औषधाच्या पांढऱ्या चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं दिसायला हवीत. सेफिक्झिमच्याच जातीच्या सेफोटॅक्झिमच्या चकतीला मात्र जिवाणू चिकटून वाढलेले असतात, आणि ते एन्झाइम रोखणारं क्लॅव्हुलनेट असलेल्या शेजारच्या चकतीच्या बाजूलाच तेवढी मोकळी जागा ओढल्यासारखी दिसते. ती दिसली की रिपोर्टवर 'ईएसबीएल' लिहायचं. मग एखाद्या पेशंट आजींचा मुलगा काउंटरवर विचारतो, "अहो, आई तर बीपीच्या गोळीशिवाय काही घेत नाही!" खरंच घेत नसते. मूत्राशयापुरतं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्यांवर भागतं. किडनीपर्यंत गेलं तर बहुतेक वेळा अ‍ॅडमिट होऊन इंजेक्शनं.

शिवाय ही ताकद ज्या प्लाझमिडवर असते, ते डीएनएचं छोटं कडं एक जिवाणू दुसऱ्याला सरळ देऊन टाकतो, जातकुळी वेगळी असली तरी. 2016 च्या अखेरीस सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉइडची साथ सुरू झाली, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनलाही न जुमानणारी. जनुकं तपासली तेव्हा ते प्लाझमिड ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जिवाणूंकडून आल्याची चिन्हं दिसली. तोंडावाटे देण्याजोगं भरवशाचं औषध उरलं अ‍ॅझिथ्रोमायसिन, जे आपल्याकडे सर्दीलाही दिलं जातं!

आता बदनामी. शेवटची राखून ठेवलेली अँटिबायोटिकही मोडणाऱ्या त्या एन्झाइमचं नाव शहरावरून ठेवणं ('एनडीएम'मधलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही) मलाही पटलेलं नाही. दिल्लीत उपचार घेऊन आलेल्या स्वीडनमधल्या एका रुग्णात ते सापडलं, 2009 मध्ये जाहीर झालं, आणि आपल्याकडे सगळी चर्चा नावावरच झडली. पण 2011 मध्ये दिल्लीतल्या पाण्याची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात साचलेल्या आणि वाहत्या सांडपाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्ये हे एन्झाइम बनवणारं जनुक होतं. नाव बदलून 'एनडीएम'चं 'एबीसी' केलं तरी त्या नळाखालचा हंडा तोच राहतो. म्हणून "ज्यांनी खाल्ल्या त्यांनी भोगावं" हे मला मान्य नाही. भोगतो तो गटाराशेजारी राहणारा.

केमिस्टवरच्या बंधनांबद्दल मी आधीच भरपूर लिहिलंय. शेड्यूल एच-1, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी, मार्च 2014 पासून लागू आहे, चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम मिळतं की नाही ते तुम्हीच कोपऱ्यावर जाऊन बघा. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नवी मुंबई महापालिकेनं 2018 मध्ये केलं ते: टायफॉइडची नवी लस एक लाखाहून जास्त मुलांना मोफत. जो ताप आलाच नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. मलवाहिनी आणि जलवाहिनी एकमेकींपासून लांब ठेवणं हे त्याहून मोठं काम, पण त्याची फीत कापायला कुणी येत नाही.

राहिलं चिकन. खुशाल खा. कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर जुलै 2019 मध्ये बंदी आली, आणि नीट शिजवलं की जिवाणू मरतातच. कच्चं चिकन मात्र नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर उडतात. आणि ज्या पाटावर, ज्या सुरीनं ते कापलं, त्यावरच वरून पेरायची कोथिंबीर चिरू नका.