फिनलंड दौरा: अभ्यास सोडून बाकी सगळ्याची तयारी चाललीय

डोकं फिरलंय अक्षरशः, म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधले काही शिक्षक फिनलंडला अभ्यास दौऱ्यावर जाणारेत आणि त्यांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. काम आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. वाडीवस्तीवरच्या शाळेत वर्षानुवर्षं राबलेली माणसं आहेत ही, यातल्या बहुतेकांनी विमान फक्त आभाळात बघितलंय, त्यांना दुसऱ्या देशातला वर्ग, तिथला फळा, तिथली पोरं बघायला मिळणार यापेक्षा चांगलं काय असतं? पण आता एवढे कागद, एवढे फोन आणि एवढे हेलपाटे झाल्यावर मला एकच विचारायचंय, या सगळ्यात अभ्यास कुठंय?

आधी तारखेचंच घ्या. फाईल महिनोन्महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, कुणाची सही राहिली, कुणी ट्रेनिंगला गेलं, कुणाची बदली झाली, आणि शेवटी मंजुरी आली ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी. का तर म्हणे इकडे उन्हाळ्याची सुट्टी असते, शाळेचं नुकसान नको. अहो पण फिनलंडमध्ये पण सुट्टी असते ना जूनमध्ये! तिथलं शाळेचं वर्ष मे संपता संपता, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं आणि शाळा परत भरतात ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मग आम्ही काय बंद शाळेच्या कुलपाचा अभ्यास करायचा का? रिकामे वर्ग, रिकामी मैदानं आणि एखाद्या विद्यापीठाच्या हॉलमध्ये पीपीटी, ती पीपीटी तर इथे बसून पण बघता येते की. मे महिन्यात आपली सुट्टी सुरू असते आणि त्यांच्या शाळा चालू असतात, इतकी सरळ संधी आहे, फक्त फाईल जानेवारीत हलायला हवी होती. मी हे लेखी कळवलं तर उत्तर काय, "मॅडम, तारीख वरून आलीय, आता बदल नको." वरून म्हणजे नक्की कुठून ते कुणीच सांगत नाही.

आणि सिंगापूरला चला म्हणणाऱ्यांनी पण ऐका, तिथे पण मे अखेरीपासून जवळपास जूनभर शाळांना सुट्टी असते. म्हणजे जूनमध्ये तिकडे नेलं की सेंटोसा बेटावरची मौजमजा आणि मॉल एवढंच उरतं, आणि मग लोक म्हणतात मास्तर सरकारी पैशानं फिरून आले. बोलणी खायची कुणी? शिक्षकांनी. तारीख ठरवणारा नामानिराळा.

आता पासपोर्ट. गटातल्या निम्म्याहून जास्त जणांकडे पासपोर्टच नव्हता, ते समजू शकते, गरजच पडली नव्हती कधी. पण सरकारी नोकराला पासपोर्ट काढायला ऑफिसच्या एनओसीची, म्हणजे ना हरकत दाखल्याची, वाट बघत बसायची गरज नाही, ही सोय येऊन आता कितीतरी वर्षं झाली. अ‍ॅनेक्शर एच म्हणून साधं पूर्वसूचनेचं पत्र असतं, मी पासपोर्टला अर्ज करतोय असं आपल्या ऑफिसला कळवायचं, त्याची प्रत लावायची, झालं. एनओसीचं अ‍ॅनेक्शर जी वेगळं. पण तालुक्याला विचारा, एकच पाठ केलेलं वाक्य, "एनओसी शिवाय होत नाही." मी प्रिंट काढून दाखवली तर क्लार्क म्हणाला, "मॅडम आमच्याकडे असं काही आलेलं नाही." मग मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुखांची शिफारस, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कव्हरिंग लेटर, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून त्रुटी काढून परत. चौकशी सुरू नसल्याचा दाखला हवा, रजा शिल्लक असल्याचा दाखला हवा. पासपोर्ट काढणं वेगळं आणि परदेशी जायची परवानगी वेगळी, हे कागद त्या परवानगीला लागतात, पण दोन्हीची खिचडी करून प्रत्येकाला दोन दोन महिने लटकवलं.

यातलं सगळ्यात संतापजनक ऐका. आमच्या गटात एक ताई आहेत, पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. सर्व्हिस बुकात माहेरचं नाव, आधारला सासरचं, पॅनकार्डावर नवऱ्याचं नाव मधे आहे पण स्पेलिंगमध्ये एक ए जास्त, आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर वडलांचं नाव. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत यात नवल काहीच नाही, घराघरात हेच आहे. ताईंनी अ‍ॅफिडेविट केलं, मॅरेज सर्टिफिकेट जोडलं, गॅझेटमध्ये नाव छापून आणलं, प्रत्येक खिडकीवर नवीन माणूस आणि प्रत्येकाचं नवीन म्हणणं. एका खिडकीवर तर त्यांना तोंडावर म्हणाले, "तुम्ही नक्की एकच बाई आहात का?" वीस वर्षं सरकारची नोकरी केलेल्या बाईला हे विचारतात! ताई मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, माझं नाव काढून टाका, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." मी नाही काढलं आणि काढणार पण नाही. ज्या बाईनं तिथला पहिलीचा वर्ग बघायलाच पाहिजे तीच बाई स्पेलिंगपायी घरी बसणार असेल तर हा दौरा कशासाठी आहे?

व्हिसाचं तर विचारू नका. फिनलंडला लागतो शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला व्हिसा, त्यासाठी प्रत्येकाला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो, पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू पाहिजे, त्यात दोन पानं कोरी पाहिजेत, फी ९० युरो. फोटो ३६ बाय ४७ मिलीमीटर, आणि गावातला स्टुडिओवाला ३५ बाय ४५ च्या खाली-वर हलायला तयार नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निकाल यायला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस दिवसपण लागतात. हे सगळं छापील आहे, कुणालाही वाचता येतं. तरी अपॉइंटमेंट घ्यायची परवानगी आम्हाला कधी मिळाली, तर मे महिन्यात, जेव्हा अर्धा भारत युरोपला जायला रांगेत असतो. मग काय, रात्रभर एसटीत बसून लोक मुंबईला जाणार, सकाळी तोंड धुवून थेट व्हिसा सेंटरच्या लायनीत, आणि तिथे कळणार की बँक स्टेटमेंटवर शिक्का नाही. पगाराच्या बँकेत स्टेटमेंट मागितलं तर "पासबुक झेरॉक्स करून घ्या ना". त्या झेरॉक्सवर कुणी व्हिसा देतं का? एका सरांना निव्वळ शिक्क्यासाठी परत गावाकडे यावं लागलं, येण्याजाण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून.

आणि हे काही पहिल्यांदा होतंय असं नाही. डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांच्याच फुलब्राइट या अमेरिकन शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा विषय इतका अडकला की शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जगात नाव झालेल्या माणसाची ही गत, तर आमच्या वस्तीशाळेवरच्या सरांसाठी कोण मध्ये पडणार? दिल्लीत २०२३ मध्ये शिक्षकांच्या फिनलंड ट्रेनिंगवरून नायब राज्यपाल आणि सरकार यांची जाहीर भांडणं झाली, आमदार रस्त्यावर उतरले. दुसरीकडे पंजाबनं २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांची मोठी बॅच थेट फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात नेली, ती पण ऑक्टोबरमध्ये, तिकडे शाळांचं सत्र सुरू असताना. म्हणजे ठरवलं तर जमतं.

पण हे कागदांचं सगळं एकवेळ सहन केलं असतं. माझा खरा राग आहे तो पूर्वतयारीच्या बैठकीवर. एकच दिवस मिळाला मला, एकच. त्यातला अर्धा दिवस ब्लेझरच्या रंगावर गेला. हो, ब्लेझर! निळा का मरून, खिशावर लोगो कुठल्या बाजूला, मॅडम लोकांनी साडी नेसायची का, बॅनर कापडी का फ्लेक्सचा. मग सामान, मेतकूट किती, चटणी किती, इंडक्शन न्यायचा का. खाण्याची काळजी असते हो, शाकाहारी माणसाला परक्या ठिकाणी धास्ती वाटणारच, त्याला माझी ना नाही, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं. बैठकीत मला वर्गाबद्दल बोलायचं होतं.

मला विचारायचं होतं की बघणार काय आहात? आपल्याकडे दोन शिक्षक आणि चार इयत्ता, एक जण केंद्राच्या मीटिंगला गेला की दुसऱ्याकडे चारही. फिनलंडच्या खेड्यापाड्यात पण छोट्या शाळा आहेत, तिथेही दोन-तीन इयत्ता एकाच वर्गात बसतात. हेलसिंकीची चकाचक शाळा दाखवण्यापेक्षा आम्हाला अशी एक शाळा दाखवा, एका इयत्तेला शिकवत असताना दुसरी नेमकं काय करत असते ते दोन तास मागच्या बाकावर बसून बघू द्या. तिथे मूल पहिलीत जातं सातव्या वर्षी, मग वाचायला मागे पडलेल्या पोराला कोण बघतं? तर त्यासाठी वेगळे विशेष शिक्षक असतात, तास चालू असताना दोन-चार पोरांना बाजूला घेऊन बसतात. ते कसं बसतात, किती वेळ, पोराला कमीपणा वाटू नये म्हणून काय करतात, हे बघायला पाहिजे. दुपारचं गरम जेवण तिथे १९४८ पासून सगळ्या पोरांना फुकट आहे, आपल्याकडे पण पोषण आहार आहे, मग त्यांच्या जेवणाचा हिशोब कोण ठेवतं ते विचारा, कारण आपल्याकडे तांदळाचा आणि ताटांचा हिशोब शिक्षकाच्याच डोक्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शाळा तपासणीच बंद केली, मग शाळा नीट चाललीय हे कळतं कसं, हे त्यांच्या मुख्याध्यापकांना समोर बसून विचारा. दर तासानंतर पोरं पंधरा मिनिटं बाहेर सोडतात, थंडीत पण. हे नुसतं "वा वा" करून फोटो काढायचं नाहीये. आणि फोटोचं पण, तिकडे पोरांचे चेहरे परवानगीशिवाय काढत नाहीत, स्टेटसला टाकायचा तर प्रश्नच नाही, हे मला शेवटच्या पाच मिनिटांत ओरडून सांगावं लागलं.

आणि इंग्रजी. गटातले कितीतरी जण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आपल्याला प्रश्न विचारता येईल का तिथं?" का नाही येणार? समोरच्या फिनिश शिक्षकाची मातृभाषा पण इंग्रजी नाहीये. पण सराव तर करून घ्यायला हवा ना, चार संध्याकाळी ऑनलाईन बसलो असतो, प्रत्येकानं आपापले पाच प्रश्न तयार केले असते, अडलं तर मराठीत विचारा, मी सांगेन. तेवढं मागितलं तर म्हणे बजेटमध्ये तरतूद नाही. मी मानधन मागितलंच नव्हतं! ब्लेझरला तरतूद आहे, बॅनरला आहे, आणि शिक्षकाला नीट प्रश्न विचारता यावा याला नाही.

कालच परतल्यानंतर द्यायच्या अहवालाचा नमुना आलाय. भेट दिलेली ठिकाणं, बॅनरसह फोटो, मान्यवरांची नावं, वर्तमानपत्रातली कात्रणं. आपल्या शाळेत काय करून बघणार, त्याला काय लागेल, सहा महिन्यांनी ते बघायला कोण येणार, याला एकसुद्धा रकाना नाही. मी तो नमुना तसाच परत पाठवलाय, हे तीन रकाने घातल्याशिवाय गटाला वाटणार नाही असं खाली लिहून. आणि सोबत तारखेचं पत्र परत जोडलंय, तिकडच्या शाळांच्या कॅलेंडरच्या प्रिंटसकट. ऑगस्टच्या शेवटी न्या, सप्टेंबरात न्या, पण शाळा उघडी असताना न्या. ताईंचा पासपोर्ट पण तोवर येईल.