माद्रिदमध्ये पाएला शोधू नका, कोसीदो शोधा

युरोप सहलींचा मोसम आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: स्पेनचं खाणं म्हणजे पाएला हा भाताचा पदार्थ, फळं घातलेली सांग्रिया वाइन आणि टापास नावाचे छोट्या ताटल्यांतले पदार्थ. माद्रिदचं स्वतःचं असं काही नाही. शहर समुद्रापासून लांब, तेव्हा तिथे मासे खाऊ नका. प्लाझा मायोर या चौकात बसलात की सगळं एकाच जागी मिळतं. आणि शाकाहाऱ्यांनी थेपल्यांचा डबा सोबत ठेवावाच. हे ऐकून वागलेला माणूस माद्रिदमध्ये महाग आणि वाईट जेवून परत येतो, म्हणून एकेक मुद्दा खोडून काढणं गरजेचं वाटतं.

आधी पाएला. ती व्हॅलेन्सियाची, अल्बुफेरा तळ्याभोवतीच्या भातखाचरांची. तिच्यात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, टोमॅटो आणि केशर. कधी गोगलगायी, कधी रोझमेरीची काडी. भांडं रुंद आणि उथळ, भाताचा थर पातळ. पाणी आटता आटता तळाशी खरपूस खरवड धरते आणि सगळ्यांचा डोळा तिच्यावरच असतो. हे दुपारचं जेवण आहे, त्यातही रविवारचं. माद्रिदच्या पर्यटकी चौकात रात्री आठला, फोटोंच्या फलकावर बोट ठेवून मागवलेली पाएला बहुतेक वेळा कारखान्यातून गोठवून आलेली असते. तिच्यावरून स्पेनबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

‘माद्रिदचं स्वतःचं काही नाही’ हे तर साफ चूक. कोसीदो माद्रिलेन्यो हे या शहराचं जेवण. रात्री भिजवलेले काबुली चणे, गाईचं मांस, कोंबडी, डुकराची चरबी, हाड, चोरीसो सॉसेज, बटाटा, गाजर, सगळं तासन्‌तास मंद आचेवर शिजतं. सोबत कोबी. ला बोला नावाची खानावळ 1870 पासून आहे. तिथे प्रत्येकाचा कोसीदो वेगळ्या उंच मातीच्या मडक्यात, कोळशावर शिजतो. वाढपी मडकं टेबलाशी आणतो. तुमच्या ताटलीत आधीच बारीक शेवया असतात, त्यांच्यावर तो मडक्यातला रस्सा ओततो. ही पहिली फेरी. मग त्याच मडक्यातून चणे, भाज्या आणि मांस. सोबत कच्चा कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हिरव्या मिरच्या. कोसीदो दुपारीच खावा आणि संध्याकाळी भरपूर चालावं. ल्हार्दी या 1839 च्या रेस्टॉरंटमध्येही तो मिळतो, पण थाटामाटात आणि बऱ्याच जास्त पैशांत. मला मडक्यातला जास्त आवडतो.

माशांचं म्हणाल तर माद्रिदइतकं मासेवेडं आणि तरीही समुद्र नसलेलं शहर क्वचितच सापडेल. रेल्वे येण्याआधी लेओन प्रांतातले मारागातो नावाचे खेचरवाले गालिसियाच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन इथे येत. आज मेर्कामाद्रिदचा मासळी बाजार युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक आहे. कासा लाब्रा या 1860 च्या खानावळीत तळलेल्या बाकालाओचा, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचा, गरम तुकडा उभ्याउभ्याच खातात. स्पेनचा समाजवादी पक्ष 1879 मध्ये याच जागी स्थापन झाला.

आता प्लाझा मायोर. चौक देखणा आहे, जरूर बघा, पण तिथल्या छत्र्यांखाली जेवायला बसू नका. दोन पावलं बाजूच्या गल्लीत गेलात तर पावात भरलेल्या तळलेल्या कालामारीचा, म्हणजे माकुळाचा, बोकादिल्यो मिळतो, तो घ्या. खरी गंमत मात्र अशी की स्पेनचा प्रत्येक प्रांत आपापलं स्वयंपाकघर घेऊन माद्रिदला आलाय. प्रिन्सिपे पियो स्टेशनजवळ 1888 पासूनचं कासा मिंगो आहे. तिथे अस्तुरियासचं सिद्रा हे सफरचंदाचं मद्य, भाजलेली कोंबडी आणि उग्र काब्रालेस चीज मिळतं. शेजारच्या चॅपलमध्ये चित्रकार गोयाने रंगवलेलं छत आहे, तेही बघून घ्या. गालिसियन जागी ऑक्टोपस मागवा. कात्रीने कापलेले तुकडे लाकडी ताटलीत येतात, वर जाडं मीठ, ऑलिव्ह तेल आणि पिमेंतोन. अमेरिकेतून आलेली जी मिरची पोर्तुगीजांनी गोव्यात पोचवली, तिचंच हे स्पेनमधलं रूप. ला व्हेरा भागात ओकच्या धुरावर वाळवून दळलेलं, सौम्य आणि धुरकट वासाचं. स्पॅनिश जेवण मेक्सिकन जेवणासारखं तिखट असेल या भीतीलाही काही आधार नाही.

सांग्रियाबद्दल एवढंच, की रविवारी दुपारी ला लातीना भागात लोकांच्या हातात बहुधा नळाचा वेर्मूत, म्हणजे वनस्पतींचा अर्क घातलेली वाइन, दिसतो.

शाकाहाऱ्यांचा मुद्दा मात्र मी पूर्ण उडवून लावणार नाही. रश्श्यात हाड असतं, भाजीत हॅमचे तुकडे असतात, आणि नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड समोर येऊ शकतं. त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ (मांस, हॅम, ट्यूना नको) असं तिन्ही गोष्टी वगळून सांगायचं. पण डबा कशाला? पालक घातलेले सेव्हियाचे चणे, ला मांचाचा पिस्तो (तेलात मंद शिजवलेल्या भाज्या), आंदालुसियाचं बदाम-लसणाचं गार सूप आहो ब्लांको, कॅनरी बेटांचे खारट सुरकुतलेले बटाटे आणि मोहो चटणी, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. कोर्दोबाची तळलेली वांगी येतात ती वर उसाची काकवी सोडून. मराठी जिभेला ती पहिल्याच घासाला ओळखीची वाटतील. पिस्तोवर अंडं ठेवायची पद्धत आहे, नको असेल तर आधी सांगा. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना मात्र खरंच अवघड जाईल.

शेवटी वेळेचं. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मध्ये बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंदच असतं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ (त्या दिवसाचं ठरलेलं जेवण) लिहिलेली पाटी शोधा. साधारण पंधरा युरोंच्या आसपास दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी मिळते. आणि पाटीवर फोटो नसून खडूने हाताने लिहिलेलं असेल, तर आत शिरायला हरकत नाही.